नोंद नाही

बोटवाल्याने आमच्या सामानावरून एक नजर फिरवली आणि आत्याला विचारलं, "वायरमन आहात का हो तुम्ही?"

सामानच तसं होतं. बेटावर सुट्टीला जाताना लोक टोप्या, गॉगल आणि पोहायचे कपडे नेतात. आमच्याकडे चाळीस मीटर तांब्याची तार होती, दोन बॅटऱ्या, घडीचं सोलर पॅनल, नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं, एक गलोल आणि आत्याच्या दोन जुन्या साड्यांत बाळासारखा गुंडाळलेला रेडिओ.

"वायरमन नाही," आत्या म्हणाली, "गप्पा मारायला चाललोय."

"तिथे कोणाशी? दिवेवाले काका सोडले तर नुसते खेकडे आहेत."

"सगळ्या जगाशी!" मी म्हणाले. गेल्या वर्षापर्यंत मी अनोळखी माणसासमोर तोंडातून असा शब्द काढला नसता. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करायची नाही, अशी मी. मग आत्याने मोर्स शिकवलं, मी घरभर तोंडाने टिट-टिट करत फिरायला लागले, तिने माझं नाव टिटवी ठेवलं, आणि कधी कोण जाणे, पण हात वर व्हायला लागला. तीन आठवड्यांपूर्वी हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी गप्पांचं, लायसन्स हातात पडलं. माझी स्वतःची कॉलसाइन! जगात दुसऱ्या कोणाचीच नसलेली सहा अक्षरं. मी ती वहीवर, बाकावर आणि एकदा गणिताच्या पेपरावरही लिहून ठेवली होती.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहते. बंदराच्या रेडिओ केंद्रात तिने एकतीस वर्षं जहाजांचे संदेश ऐकले. अक्षराला जसं वळण असतं, तसं मोर्स पाठवणाऱ्या हातालाही असतं. आत्याचा हात असा, की समुद्रावरचे ऑपरेटर तिची ड्यूटी सुरू व्हायची वाट बघत संदेश दाबून ठेवायचे. वादळात निम्मी अक्षरं वाहून गेली, तरी ती उरलेल्यांतून माणूस ओळखायची. "हा आज घाबरलाय," म्हणायची, आणि तो खरंच घाबरलेला असायचा. मला जगात कोणासारखं व्हायचं असेल, तर तिच्यासारखं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या कानातला सगळ्यात वरचा सूर गेला. तपासणारी बाई म्हणाली, काही विशेष नाही. मग एकेक पायरी खाली. मग डावा कान. आता तिच्या कानात मशीन असतं, आणि मशीनमधून मोर्स म्हणजे, तिच्याच शब्दांत, "पत्र्यावर वाटाणे."

आमच्या क्लबची पुढच्या वर्षी एका दूरच्या, ओसाड खडकावर तीन आठवड्यांची मोहीम होती. खुर्च्या सहा. त्यांतली एक कायम आत्याची. तिने क्लबच्या सेक्रेटरी काकांना सांगून टाकलं, "माझी खुर्ची टिटवीला द्या." काका चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तीनशे स्टेशनांशी कॉन्टॅक्ट. बाहेरगावाहून, एका आठवड्यात, स्वतःच्या कॉलसाइनवर, स्वतःच्या हाताने. आणि लॉगची वही स्वच्छ. एक खोटी नोंद सापडली की विषय संपला."

म्हणून हे बेट. ही आत्याची शेवटची रेडिओ-सुट्टी होती, आणि माझी पहिली.

बेटाला फेरी मारायला चाळीस मिनिटं पुरतात. नारळ, केवड्याची बनं, पांढरी वाळू आणि पूर्वेच्या टोकाला दीपगृह. आमची जागा म्हणजे हवामान खात्याचं जुनं ऑफिस. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, पश्चिमेच्या खिडकीखाली एक लांब टेबल आणि समोर वेताची खुर्ची. मिठाने सगळ्याला घेरलं होतं. काड्या पेटत नव्हत्या, दार फुगून चौकटीत बसलं होतं, आणि टेबलावर बोट फिरवून चाखलं तर खारट लागत होतं. (हो, मी चाखलं.)

पहिल्या दिवशी आम्ही तार टांगली. गलोलीने शिशाचा गोळा नारळाच्या शेंड्यावरून पलीकडे मारायचा, त्यामागून दोरी, दोरीमागून तार. आत्याने पहिल्याच नेमात काम केलं. पासष्ट वर्षांची बाई, पदर खोचून, एक डोळा मिटून! दिवेवाले काका लांबून बघत होते. दीपगृहाचा दिवा आता आपोआप लागतो. ते काचा पुसतात आणि वारा-पाऊस वहीत लिहितात. मी चहा विचारला, तर म्हणाले, "ॲसिडिटी. अकरा वर्षं झाली सोडून."

आत्याने आपले दोन नियम पुन्हा ऐकवले. एक, समोरच्याचा सिग्नल जसा ऐकू आला तसाच सांगायचा. हॅम लोक सगळ्यांना पाच-नऊ-नऊ, म्हणजे पैकीच्या पैकी मार्क, खिरापतीसारखे वाटतात. मग समोरचा ऐकू येवो न येवो. "ते आपण नाही करायचं. तीन-तीन ऐकलं तर तीन-तीन सांग. शेवटचा नऊ सुराचा, तो राहू दे. माणसाला कळायला हवं की तो कुठे उभा आहे." आणि दोन, जे आपल्या हाताने केलं नाही ते लॉगमध्ये चढवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत बसले, हेडफोन लावला आणि हाक मारली. सीक्यू, सीक्यू, कोणी आहे का, मी अमुक. आणि लोक आले! बर्फातले, वाळवंटातले, एक आजोबा जहाजाच्या डेकवरून. आत्या शेजारी स्टुलावर बसून लाउडस्पीकरच्या जाळीवर बोटांची टोकं टेकवून होती. कानाने नाही, तर बोटांनी वाचत होती. दुपारी एक वाजेपर्यंत एकेचाळीस झाले.

दोन ते साडेतीन आम्ही रेडिओ बंद ठेवायचो. पत्रा तापलेला असायचा, बॅटऱ्या उन्हात चार्ज व्हायच्या, आणि आत्या मशीन काढून ठेवून वेताच्या खुर्चीत डोळे मिटायची.

चार वाजता मी एका स्टेशनला हाक मारली. उत्तर लगेच आलं: आपलं आधी झालंय. धन्यवाद.

एका स्टेशनशी एकदाच. दुसऱ्यांदा कोणी नोंद घेत नाही, नियमच आहे. मी लॉग पाहिला. त्याची कॉलसाइन त्यात नव्हती. चुकला असेल बिचारा, वेळ जागतिक घड्याळाने लिहायची असते, त्यात भलेभले गोंधळतात. पुढच्यानेही तेच सांगितलं. त्याच्या पुढचीने वर जोडलं: दुपारी फार सुंदर चालवलंत.

संध्याकाळपर्यंत असे अकरा जण झाले. मी सीक्यू दिली की झुंबड उडायला हवी होती. नवीन कॉलसाइन, आडबाजूचं बेट! उडत नव्हती. लोक येऊन गेल्यासारखे होते.

"पायरेट," आत्या म्हणाली. "नवी कॉलसाइन दिसली की एखादा टोणगा बसतो ती वापरत. माझ्याही नावावर एकदा कोणी महिनाभर धुडगूस घातला होता. कंटाळेल नि जाईल."

तो कंटाळला नाही. तिसऱ्या दिवशी सतरा जण म्हणाले, आधी झालंय. चौथ्या दिवशी मी एकशे बासष्टवर अडकले होते आणि दर दुसरा माणूस मलाच माझं कौतुक सांगत होता. काय हात! चाळीस वर्षांत असा ऐकला नाही! मला रडू येत होतं. कौतुक कोणाचं, तर माझं नाव चोरणाऱ्याचं, आणि तेही मीच ऐकून घ्यायचं.

"हे सगळे तर माझ्याच कॉलसाइनवर झालेत," मी आत्याला म्हणाले. "लॉगमध्ये चढवले तर... म्हणजे नुसतं विचारतेय हं."

आत्याने मशीन नीट बसवलं, जणू चुकीचं ऐकलं असावं. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी विषय बदलला.

त्या दुपारी दोन वाजता, रेडिओ बंद असताना, मी खिशातला छोटा रिसीव्हर घेऊन पायरीवर बसले. एका कानात इअरफोन. आमच्या लहरींच्या पट्ट्यावर, म्हणजे बँडवर, सावकाश सरकत गेले आणि मधोमध माझी कॉलसाइन सापडली.

मी रागावायचं ठरवलं होतं. जमलंच नाही.

असा हात मी ऐकलेला नव्हता. आत्याचाही नाही, आणि हे लिहिताना मला चुकल्यासारखं वाटतंय. घाई कुठे नाही, थांबणं कुठे नाही. शेकडो जण एकमेकांच्या अंगावर पडून ओरडत होते आणि हा हात त्यांतून एकेकाला अलगद उचलून घेत होता, गर्दीतून लेकरू उचलावं तसा. हळू पाठवणारा आला की तोही हळू व्हायचा. एक अगदी क्षीण स्टेशन होतं, मला तर नुसती खरखर वाटत होती. त्याच्यासाठी बाकी सगळ्यांना थांबवलं, तीनदा विचारलं, चौथ्यांदा मिळवलंच. आणि रिपोर्ट खरे. दोघांना पाच-नऊ, एकाला चार-पाच, त्या क्षीण स्टेशनला तीन-एक. खिरापत नाही.

आणि मग त्याने पुन्हा माझी कॉलसाइन दिली, आणि मी ऐकता ऐकता रिसीव्हर मांडीवर ठेवला.

शेवटचा डा लांबला होता.

इथे झाकणाबद्दल सांगायला हवं. आत्याने मला मोर्स शिकवलं ते स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याच्या झाकणावर. त्याला मध्ये पोचा आहे. अंगठ्याने दाबलं की टक, सोडलं की टुक. मधली वेळ कमी असेल तर डिट, जास्त असेल तर डा. पण ते झाकण दाबून दाबून थकलं होतं, शब्दाच्या शेवटी उशिरा सुटायचं. त्यामुळे माझ्या हाताला खोड लागली: अखेरचा डा जरासा रेंगाळतो. आत्याने मोडायचा खूप प्रयत्न केला आणि मग म्हणाली, "राहू दे. तुझी सही आहे ती."

जगात दुसऱ्या कोणाला ही खोड असायचं काहीच कारण नव्हतं.

मी पळत आत गेले, आत्याला उठवलं, टेबलावर बोटाने ते वाजवून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं, म्हणजे बोटांनी.

"पुन्हा वाजव," म्हणाली. वाजवलं.

"सिग्नल किती?"

"काटा शेवटपर्यंत. आत्या, तो इथेच आहे. बेटावर!"

पाचव्या दिवशी आम्ही चोर पकडायला निघालो. आत्याने तिच्या भरतकामाच्या मोठ्या रिंगवर तार गुंडाळून लूप बनवला. तो रिसीव्हरला जोडायचा आणि हळूहळू फिरवायचा. जिथे आवाज सगळ्यात बारीक होतो, ती रेघ स्टेशनच्या रोखाने असते. दोन-तीन जागांवरून रेघा काढल्या की जिथे त्या मिळतात तिथे चोर. दिवेवाले काका पितळी होकायंत्र घेऊन आले.

"हे काय, फुलपाखरं पकडायचं जाळं?"

"चोर पकडायचं."

"चोर? इथे चोरायला आहे काय, वाळू?"

आत्या खुर्चीत पडली होती. निघण्याआधी मी रेडिओचा फ्यूज काढून खिशात टाकला. शंका नको. दोनच्या ठोक्याला हात सुरू झाला.

धक्क्यावरून पहिली रेघ काढली. दक्षिणेच्या टोकावरून दुसरी. दीपगृहाच्या पायथ्याशी तिसरी. काका होकायंत्रावर वाकून अंश सांगत होते, मी लूप धरून उभी होते, आणि इअरफोनमध्ये तो हात जगाशी बोलत होता. ऊन इतकं होतं की वाळू पांढरी नाही, निळसर दिसत होती.

काकांनी कागद गुडघ्यावर ठेवून पट्टीने रेघा ओढल्या. मग पुन्हा ओढल्या.

"ही तर तुमचीच खोली," ते म्हणाले.

"हो."

"मग तुमच्या आत्याबाईच मजा करत असतील."

मी खिशातून फ्यूज काढून तळहातावर दाखवला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, खोलीच्या दिशेने पाहिलं आणि होकायंत्राचं झाकण लावलं.

"बरं, मी निघतो. चहा ठेवलाय गॅसवर."

ते दीपगृहाकडे भराभर चालत गेले. पुढच्या दोन दिवसांत ते आमच्या बाजूला फिरकले नाहीत.

मी एकटी परत आले. पाय वाजू न देता पायऱ्या चढले. दार उघडंच होतं.

खोलीत आत्याशिवाय कोणी नव्हतं. रेडिओचा डोळा काळा होता. मोर्स ठोकायची की टेबलावर, जिथे सकाळी ठेवली तिथेच. मी लूप खिडकीकडे वळवला, भिंतीकडे वळवला, छताकडे वळवला. आवाज कुठेच बारीक होईना. ह्याचा अर्थ एकच असतो: तुम्ही स्टेशनच्या आत उभे आहात.

इअरफोन माझ्या कानात होता. आत्याचं मशीन टेबलावर होतं, सेल काढून बाजूला ठेवलेला. तिचे डोळे मिटलेले होते.

तिचं बोट खुर्चीच्या हातावर वाजत होतं. माझ्या कानातल्या प्रत्येक अक्षराबरोबर. एकाही टिंबाचा फरक नाही.

"आत्या," मी म्हणाले. "तुला ऐकू येतंय?"

तिला माझा प्रश्न ऐकू आला नाही.

मी खांद्याला हात लावला तेव्हा तिने डोळे उघडले, बोट थांबलं, आणि इअरफोनमध्ये तो हातही थांबला. तिने मशीन लावलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल, किंवा घाबरेल. ती आपल्या बोटाकडे बघत बसली.

"स्वप्नात ड्यूटीवर होते," म्हणाली. "फार दिवसांनी इतकं स्पष्ट." आणि थोड्या वेळाने: "काय चालवत होती गं ती."

"ती?"

"तो, ती, जे असेल ते."

आत्याचं असं आहे, की ज्याचं कारण कळत नाही त्याची नोंद नीट करायची, मग पुढचं काम करायचं. तिने वहीत तारीख, वेळ, तिन्ही रेघांचे अंश लिहिले आणि मला म्हणाली, "दोनशे चार झालेत. उद्याची संध्याकाळ शेवटची. बस."

शेवटच्या दिवशी दुपारी दोनला तो हात आला नाही. मी चक्क वाट बघत होते. साडेतीनला रेडिओ लावला, जीव तोडून हाकांचा मारा केला आणि पाचला दहा मिनिटं असताना दोनशे एकाहत्तरवर पोचले. एकोणतीस कमी. सूर्य सहा वाजून आठ मिनिटांनी बुडणार होता, आणि तो बुडला की बँड बंद पडतो, दुकानाचं शटर ओढल्यासारखा.

पाच वाजता माझ्याच फ्रिक्वेन्सीवर, मी श्वास घ्यायला थांबले त्या फटीत, माझी कॉलसाइन आली.

झुंबड उसळली. आठवडाभर मी जिची वाट बघत होते ती झुंबड, माझ्या नावाने, माझ्यासाठी नाही.

"तीच?" आत्याने विचारलं. तिची बोटं लाउडस्पीकरवर होती. उत्तर तिला कळलेलं होतं.

"आत्या, संपलं. मला नाही मिळणार आता."

"मग तिला हाक मार."

"माझ्याच कॉलसाइनला मी हाक मारू?"

"ऑपरेटर आहेस ना? समोर स्टेशन आहे. हाक मार."

मी माझी कॉलसाइन पाठवली. मग 'कडून' अशी खूण. मग पुन्हा माझी कॉलसाइन. शेवटचा डा लांबला.

सगळे गप्प झाले. कोणी सांगितलं नव्हतं, तरी शेकडो माणसं एकदम गप्प झाली. नुसता वाऱ्यासारखा आवाज उरला.

मग तो हात आला, अगदी सावकाश. लहान मुलीला समजेल इतका सावकाश.

आपलं आधी झालंय, त्याने पाठवलं.

मग रिपोर्ट. तीन, तीन, नऊ.

माझ्या रेडिओचा काटा शेवटच्या खुणेला चिकटून थरथरत होता. इतकं जवळ काही असूच शकत नाही. आणि तिकडे मी पोचत होते ती तीन-तीन. जेमतेम, फार लांबून.

"खरं सांगितलं तिने," आत्या हळूच म्हणाली.

मग दोनच शब्द आले. पुढे तू.

आणि फ्रिक्वेन्सी रिकामी झाली. कोणी खुर्ची सरकवून उठावं, तशी.

माझ्या मागे, वेताची खुर्ची करकरली. पण वेताच्या खुर्चीत मीच बसले होते.

मी मागे पाहिलं नाही. पाहायला वेळही नव्हता, कारण पुढच्या क्षणी ती सगळी झुंबड माझ्या अंगावर कोसळली. आणि काय सांगू, मला जमलं! मी हळूवाल्यांसाठी हळू झाले. एका क्षीण स्टेशनसाठी सगळ्यांना थांबवलं, चौथ्यांदा मिळवलं. रिपोर्ट खरे दिले. आत्याची बोटं जाळीवर होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, जे ती पुसत नव्हती, कारण मग बोट उचलावं लागलं असतं. सहा वाजून सहा मिनिटांनी तीनशेवा कॉन्टॅक्ट झाला. सहा वाजून आठ मिनिटांनी तीनशे तिसरा. मग शटर पडलं.

लॉगमध्ये तीनशे तीन नोंदी आहेत. तिच्याशी झालेली तीनशे चौथी मी चढवली नाही. मीच मला भेटले, असं लिहिलेला लॉग सेक्रेटरी काका कुठल्या डोळ्यांनी वाचणार?

घरी आल्यावर कार्डं यायला लागली. प्रत्येक कॉन्टॅक्टची खात्री म्हणून हॅम लोक एकमेकांना पोस्टाने कार्ड पाठवतात. माझ्या तीनशे तीनची आली, मी नाचत नाचत भिंतीवर लावली. पण त्यांच्यासोबत इतरही येत होती. दुपारी दोन ते साडेतीनमधली, ज्यांची माझ्याकडे नोंद नव्हती. चारशे, सहाशे, हजार. अशा कार्डांसाठी क्लबचा रबरी शिक्का आहे: नोंद नाही. तो मारून परत पाठवायचं. आत्या आणि मी रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून शिक्के मारायचो. बाबा म्हणायचे, "पोस्ट ऑफिस उघडलंय का घरात?" आई म्हणायची, "आधी टेबल पुसा." आणि माझी धाकटी बहीण, वय वर्षं पाऊण, शाईच्या पॅडकडे रांगत यायची.

सेक्रेटरी काकांनी लॉग भिंग लावून तपासला. "स्वच्छ," म्हणाले. खुर्ची मला मिळाली.

त्यानंतरच्या रविवारी एक कार्ड आलं. शेवटच्या दिवसाचं, पाच वाजून एक मिनिटाचं. मी हाक मारायच्या जरा आधीचं. मागे बारीक अक्षरात मजकूर होता. मी आत्याला मोठ्याने वाचून दाखवला.

डब्याच्या झाकणावर मोर्स शिकलेल्या बाईंशी मी पहिल्यांदाच बोललो. तुमच्या भाचीलाही त्याच झाकणावर शिकवलंत, हे ऐकून मौज वाटली. ही तुमची शेवटची खेप आहे याचं वाईट वाटतं. कानांची काळजी घ्या. तुमचा हात विसरणार नाही.

आत्या शिकली ती बंदराच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये, खऱ्या पितळी की-वर. झाकणावर घरात एकटी मीच शिकले. आणि मला भाची नाही. मला एक बहीण आहे, जिला परवा पहिला दात आला.

मी शिक्का उचलला. आत्याने माझं मनगट धरलं.

"याच्यावर नको," ती म्हणाली.

ते कार्ड मी फडताळात, पिठाच्या डब्याखाली ठेवलंय. भीती नाही वाटत. खरं सांगू? कधीकधी तो हात आठवतो आणि वाटतं, केवढं मोठं आहे हे. असा हात कोणाचा तरी असतो!

मोहिमेला जाणाऱ्या सगळ्यांची डॉक्टरी तपासणी असते. काल माझी झाली. कानांसाठी काचेच्या छोट्या खोलीत बसवतात, हेडफोन देतात, आणि सूर ऐकू आला की बटण दाबायचं. मी धडाधड दाबत गेले. उजव्या कानाच्या शेवटी मात्र काही लागलंच नाही, म्हणून मी बटण धरून नुसती बसून राहिले. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाईचं बोट हललेलं दिसलं. मग पुन्हा हललं. मग तिसऱ्यांदा.

"काही विशेष नाही," बाहेर आल्यावर ती म्हणाली आणि तिने फॉर्मवर शिक्का मारला.